घाणा, खेप व नग : वस्तूंवरील अंकांचा एक विचार

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत ऋग्वेदाची एक भूर्जपत्रावरील पोथी आहे. लिपि शारदा, अक्षर ठसठशीत. या मंदिरांतील ऋग्वेदाच्या ज्या तीस हस्तलिखितांची नोंद युनेस्कोनें २००७ सालीं आपल्या जागतिक स्मृतिसंग्रहांत केली त्यांपैकीं ही एक होय. हिचा अंक ५/१८७५-७६ असा आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा किंवा या जातीचा अंक अनेक वेळां पाहिला असेल, आणि पोथी मागविण्याच्या चिठ्ठीवर तो उतरून देण्यापलीकडे त्याचा विचार केला नसेल. प्रस्तुत लेखांत पोथीचा नव्हे, तर त्या अंकाचाच विचार कर्तव्य आहे.

या अंकाचे अवयव दोन. उजवीकडील १८७५-७६ हा भाग पोथीचा नसून खेपेचा आहे. मुंबई सरकारनें हस्तलिखितांचा जो शोध चालविला होता त्या कामीं डॉ. ब्यूलर १८७५ सालीं काश्मिरास गेले. त्या वर्षाच्या शोधांत जें हातीं आलें तें त्या वर्षाच्या नांवानें नोंदलें गेलें. डावीकडील ५ हा त्या खेपेंतील नगाचा अंक. तो एकटा घेतला तर निरर्थक आहे, कारण पांचवी पोथी प्रत्येक खेपेंत असतेच; याच मंदिरांत विश्रामबागेच्या पहिल्या संग्रहांतील पांचव्या अंकाची पोथीहि ऋग्वेदाचीच आहे. हे सर्व सरकारी संग्रह पूर्वीं डेक्कन कॉलेजांत होते, १९१८ सालीं ते भांडारकर मंदिरांत आले. इमारत बदलली, फडताळें बदललीं, जपणारे बदलले. अंक बदलला नाहीं. पुढें विषयवार वर्णनात्मक सूचि निघाल्या. प. कृ. गोडे यांच्यासारख्या साक्षेपी अभिरक्षकानें १९१९ पासून चार दशकें हा संग्रह सांभाळला. सूचींत प्रत्येक पोथीस नवा अनुक्रमांक मिळाला, तरी त्याच्या शेजारीं जुना अंक छापण्याची रीति सुटली नाहीं. ब्यूलरच्या त्या फेरीशीं पोथीचें असलेलें नातें एवढ्याच एका धाग्यानें टिकून आहे.

हा विचार सुचण्याचें निमित्त मात्र पोथीबाहेरचें आहे. प्रस्तुत लेखक सी. बी. डी. बेलापूर येथें राहतो. येथील रेल्वे स्थानकावरच संगणकाचीं कार्यालयें थाटलेलीं आहेत, आणि शेजारपाजारचे पुष्कळ तरुण तेथें किंवा तत्सम ठिकाणीं कामास जातात. त्यांपैकीं एक जण औषधें व यंत्रांचे सुटे भाग सांठविणाऱ्या गोदामांसाठीं संगणकाची आज्ञावली रचतो. तो एके दिवशीं विचारावयास आला : "काका, तुर्भ्या-तळोज्याच्या गोदामांतील मंडळींसाठीं पडद्यावरचे रकाने मराठींत करावयाचे आहेत, लॉट नंबर आणि सीरियल नंबर यांना काय म्हणूं?" संस्कृत शिकलेल्या मास्तराकडून समूहांक, अनुक्रमांक असे कांहीं शब्द मिळतील अशी त्याची अपेक्षा असावी. असे शब्द घडविणें सोपें आहे. परंतु घडविण्यापूर्वीं व्यवहारांत त्या वस्तूस काय म्हणतात तें पाहणें बरें; आणि तें पाहूं लागतांच असें दिसून आलें कीं, 'लॉट' या एका शब्दाखालीं मराठींतील दोन अगदीं निराळ्या कल्पना दडल्या आहेत.

एका वेळीं एका कढईंत, एका चरकांत किंवा एका भट्टींत जें निघतें तो घाणा. चकलीचा एक घाणा करपला तर त्यांतील एकूणएक चकली करपलेली असते, आणि त्याचा दोष पुढच्या घाण्यास लागत नाहीं. एका गाडीनें, एका गलबतानें किंवा एका हुंडेकऱ्याकडून जें एकदम येतें ती खेप. घाणा म्हणजे एकत्र जन्मलेल्या वस्तु. खेप म्हणजे एकत्र आलेल्या वस्तु. एक घाणा तीन खेपांनीं गोदामांत येऊं शकतो, व एका खेपेंत चार घाण्यांचा माल असूं शकतो. औषध बाधलें तर शोधावयाचा तो घाणा. माल वाटेंत पावसानें भिजला तर शोधावयाची ती खेप. औषध बनविणारा लॉट म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत घाणा असतो, गोदामवाला म्हणतो तेव्हां बहुधा खेप असते. रकाना एकच ठेवला तर कारकून कधीं हा अंक लिहितो, कधीं तो; आणि दहा महिन्यांनीं परत मागवण्याची पाळी आली म्हणजे कोणता अंक कशाचा हें लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं. तिसरा शब्द नग. तो मात्र सीरियल नंबराचा बरोबर वाचक आहे. नग म्हणजे एक सुटी वस्तु. एका नगांकापुढें दोन वस्तु निघाल्या तर तो अंकच खोटा.

हा भेद आधुनिक व्यापारानें निर्माण केलेला नव्हे. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध केलेल्या आणि पुढें १९६० पासून मुंबई विद्यापीठातर्फें प्रा. कंगले यांनीं चिकित्सक रीतीनें संपादिलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत, अध्यक्षप्रचार नामक दुसऱ्या अधिकरणांत, तो स्पष्ट दिसतो. अश्वाध्यक्षानें घोड्यांची नोंद कशी ठेवावी हें सांगतांना आचार्यानें सहा रकाने सांगितले आहेत : कुल, वय, वर्ण, चिह्न, वर्ग आणि आगम. विकत घेतलेला, युद्धांत सांपडलेला, पागेंतच जन्मलेला, साहाय्याच्या मोबदल्यांत आलेला, कांहीं काळापुरता ठेवलेला असे घोड्यांचे आगम त्यानें त्याच सूत्रांत वेगळे केले आहेत. कुल व आगम हे दोन रकाने निराळे आहेत हें येथें लक्षांत घ्यावें. एकाच कुलाचे दोन घोडे, एक क्रीत व एक रणांत मिळालेला, असे असूं शकतात. कुल म्हणजे आमचा घाणा, आगम म्हणजे आमची खेप. उरलेले रकाने नगाचें वर्णन करतात.

गोध्यक्षाच्या प्रकरणांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. वासरास डाग द्यावा, व त्याचा अंक, चिह्न, वर्ण आणि दोन शिंगांमधील अंतर हीं लिहून ठेवावीं असें तेथें सांगितलें आहे. अंक हा माणसानें उमटविलेला, चिह्न हें जन्मतः असलेलें. डाग खोटा मारतां येतो, शिंगांमधील अंतर खोटें करतां येत नाहीं. म्हणून दोन्हीं लिहावयाचीं. आमच्या संग्रहांतील पोथीवर चिकटविलेली चिठ्ठी हा अंक होय. पत्रांची लांबीरुंदी, ओळींची संख्या, कसरीनें पाडलेलें भोंक हें चिह्न होय. चिठ्ठी निघून गेलेली पोथी ओळखण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस कौटिल्याच्या या दुहेरी व्यवस्थेची किंमत निराळी सांगावयास नको.

धान्याच्या बाबतींत मात्र तोच आचार्य नगांक मागत नाहीं. कोष्ठागारांतील अर्धा सांठा आपत्कालासाठीं राखावा, अर्धा उपयोगांत आणावा, आणि नवें येतांच त्यानें जुनें पालटावें एवढेंच त्याचें सांगणें आहे. त्यासाठीं कोणतें धान्य केव्हांचें हें कळलें म्हणजे पुरे. एका शेराबद्दल त्याच राशींतील दुसरा शेर दिला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. घोड्याबद्दल घोडा दिला तर बिघडतें. नगांक द्यावा कीं न द्यावा याची कसोटी हीच. आमच्या त्या तरुण शेजाऱ्यानें प्रत्येक स्क्रूला नगांक देण्याची सोय प्रथम करून ठेविली होती. ती त्यानें आपण होऊनच काढून टाकली.

आतां पोथीकडे वळूं. कारण लेखकांनीं, म्हणजे प्रती करणाऱ्यांनीं, हा प्रश्न आपल्या परीनें फार पूर्वीं सोडविला होता. सुट्या पत्रांच्या पोथींत पत्राच्या मागील बाजूस, डाव्या समासांत वर, ग्रंथाच्या नांवाचीं संक्षिप्त अक्षरें व पत्रांक असतो. उजव्या समासांत खालीं पुन्हां पत्रांक, व त्यावर बहुधा 'राम' किंवा असेंच एखादें नाम. पारायणाच्या वेळीं वाऱ्यानें पत्रें उडालीं तरी ओटीवर बसून तीं लावून घेतां यावीं, एवढाच हेतु. पण रचना पाहिली तर पूर्ण आहे : अक्षरें सांगतात वस्तु कोणती, आंकडा सांगतो नग कितवा. नुसता आंकडा लिहिला असता तर दोन ग्रंथांचीं पत्रें मिसळतांच घोटाळा झाला असता.

तरीहि या रीतींत एक उणीव राहिली, आणि ती आमच्यापैकीं प्रत्येकास भोंवली आहे. रघुवंशाच्या दोन प्रती एका रुमालांत बांधलेल्या असल्या, व दोहोंवर 'र. वं.' हींच अक्षरें असलीं, म्हणजे बारावें पत्र कोणाचें? अक्षरें कृति सांगतात, प्रति सांगत नाहींत. अशा वेळीं कागदाची जात, ओळींची संख्या, शाईचा रंग, वळण यांवरून पत्रें वेगळीं करावीं लागतात. म्हणजे घाणा अंकावरून न कळतां चिह्नावरून ओळखावा लागतो. संगणकाच्या भाषेंत बोलावयाचें तर वस्तूचा रकाना होता, नगाचा होता, मधला घाण्याचा गळला. त्या एका गळलेल्या रकान्यापायीं विद्वानांचे किती दिवस खर्चीं पडले असतील!

एकाच वस्तूस दोन स्वतंत्र अंक असावे कीं काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास ऋग्वेदाचेंच उदाहरण देतां येतें. दहा मंडलें व १०२८ सूक्तें ही एक गणना. आठ अष्टकें व चौसष्ट अध्याय ही दुसरी. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचीं मंडलें ऋषिकुलांवरून पडलेलीं आहेत, म्हणजे तेथें विभागाचें कारण उत्पत्ति हें आहे. अष्टकें मात्र अध्ययनाच्या सोयीनें, साधारण सारख्या मापाचीं केलेलीं. एकच ऋचा दोन्हीं गणनांत सांपडते, आणि एका गणनेनें दुसरीस कधीं हुसकून लावलें नाहीं. घाण्याचा अंक व खेपेचा अंक एकत्र नांदूं शकतात याला याहून जुना दाखला हवा असें वाटत नाहीं.

अंक वस्तु ओळखून देतो. वस्तूचें पुढें काय झालें हें सांगण्यास निराळें साधन लागतें. बेलापूरच्या खाडीवर जो पडका किल्ला आहे तो सिद्दी, पोर्तुगीज, मराठे यांच्या हातांतून जाऊन १८१७ सालीं कॅप्टन ग्रे यानें इंग्रजांकरितां घेतला. मराठेशाहींतील असल्या किल्ल्यांचा संच कसा राखावा याविषयीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत जें सांगितलें आहे त्यांतील दारूखान्याचें कलम येथें उपयोगी आहे. दारू, बाण इत्यादि जिन्नस ठराविक दिवसांनीं बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावें, आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावे, अशी ती आज्ञा. मडकें तेंच, दारू तीच. परंतु मुद्रा नवी. म्हणजे वस्तूचा अंक स्थिर राहून तिच्या तपासणीची तारीख पुढें सरकत जाते. पेशव्यांच्या दप्तरांत हीच विभागणी रोजकीर्द आणि खतावणी या दोन नांवांनीं वावरते. रोजकीर्दींत जें ज्या दिवशीं घडलें तें त्या दिवशीं लिहिलें जाई व मागाहून खोडलें जात नसे. खतावणी ही तिच्यावरून बांधलेली. ज्या आज्ञावलींत खतावणीच तेवढी आहे, म्हणजे आज शिल्लक किती एवढेंच कळतें, तिच्यांतून कालचा प्रश्न सुटत नाहीं.

मूळ राशीचे तुकडे झाले तर अंकाचें काय करावयाचें, यालाहि घरचें उत्तर आहे. १८३५-३६ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी मोजणी सुरू केली, व १८४७ च्या संयुक्त अहवालानें जिला कायमचें रूप आलें, तिच्यांत प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला. वाटण्या झाल्या तेव्हां नवे नंबर न देतां त्याच नंबराखालीं हिस्से पाडले गेले. सर्व्हे नंबर ४५, हिस्सा २ असें म्हणतांच पोटांतील तुकडा व पोट दोन्हीं कळतात. आणि प्रत्येक बदलाचा फेरफार निराळ्या वहींत चढवून त्याचा अंक वर्तुळांत घालून सातबाऱ्यावर मांडण्याची रीति आहे. सातबारा ही खतावणी, फेरफार ही रोजकीर्द. ज्यांस 'लॉटचे भाग पाडणें' हा संगणकाचा नवा कूटप्रश्न वाटतो त्यांनीं एखाद्या तलाठ्यापाशीं घटकाभर बसावें. सिडको मंडळ १९७० सालीं स्थापन झाल्यावर आमच्या या भागांत शहाबाज, दिवाळें वगैरे गांवांच्या जमिनींवर सेक्टर व भूखंड यांचे नवे अंक बसले. तेथेंहि खेप व नग यांचीच जोडी आहे. पण जुना सर्व्हे नंबर आणि नवा भूखंड यांची सांगड घालणारा कागद ज्याच्या घरीं राहिला त्याला आपल्या आजोबाचें शेत दाखवितां येतें, बाकीच्यांस रस्ते दिसतात.

एका नगाच्या अंकावर किती मोठी गोष्ट अवलंबून राहूं शकते हें मुंबईंतच घडलेल्या एका प्रकरणावरून सांगतों. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ पासून होती. १९२५ पासून तिला त्यांचेंच नांव आहे. प्लेगची लस त्यांनीं १८९७ च्या जानेवारींत प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. पुढें परळहून हिंदुस्थानभर बाटल्या जाऊं लागल्या. प्रत्येक बाटलीवर अंक असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं पांच बाटल्यांतून १०७ जणांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एका बाटलींतून ज्या १९ जणांस टोचलें त्या एकोणीसहि जणांस धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. बाटलीचा अंक होता ५३-एन्. उरलेल्या चार बाटल्यांनीं कोणास अपाय केला नाहीं.

अंक नसता तर काय झालें असतें तें उघड आहे. 'लसीनें माणसें मेलीं' एवढेंच सर्वत्र झालें असतें, आणि लसीचें नांव कायमचें बुडालें असतें. अंक होता म्हणून दोष एका नगापाशीं येऊन ठेपला. परंतु येथून पुढें अंक मुका झाला. विष घाण्यांत होतें, कीं परळास बाटली भरतांना शिरलें, कीं मलकोवालास बाटली उघडतांना? सर लॉरेन्स जेंकिन्स या मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली. बाटली उघडण्यापूर्वींच दूषित झाली होती असा तिचा निर्णय झाला. लस बनविण्याची रीति हाफकिन यांनीं बदलली होती व तींत कार्बोलिकचा उपयोग सोडला होता, हेंहि त्यांच्याविरुद्ध गेलें. त्यांस प्रयोगशाळा सोडावी लागली. १९०७ च्या जुलैंत रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत पत्र लिहून पुरावा पुन्हां मांडला. बाटली उघडते वेळीं चिमटा जमिनीवर पडला होता व नीट शुद्ध न करतांच तो वापरला गेला, अशी साक्ष आधींपासून कागदांत होती. तिच्याकडे आतां लक्ष वेधलें गेलें. त्या वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त झाले. मध्यें पांच वर्षें गेलीं.

या प्रकरणाचा विचार पुष्कळांनीं वैद्यकाच्या दृष्टीनें केला आहे. आमच्या दृष्टीनें त्यांतील विशेष असा कीं, नग ओळखला गेला, परंतु तो नग कोणाच्या हातांतून कसा गेला याची नोंद बाटलीच्या अंकाशीं जोडलेली नव्हती. ती साक्षींतून उकरून काढावी लागली. घाणा, खेप, नग हे तीनहि अंक असून रोजकीर्द नसेल तर निर्णय साक्षीदाराच्या स्मरणावर व न्यायाधीशाच्या ग्रहावर जातो.

आजच्या कायद्यानें या गोष्टी कांहीं अंशीं बांधल्या आहेत. औषधाच्या वेष्टनावर घाण्याचा अंक छापणें फार दिवसांपासून सक्तीचें आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या तीनशें नामांकित औषधांवर तोच अंक यंत्रानें वाचतां येईल अशा चौकटीच्या ठशांतहि द्यावा लागतो. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांचा ओळख-अंक असल्याखेरीज सराफास तो विकतां येत नाहीं. हा अंक प्रत्येक नगाचा निराळा. गोळीस घाणा पुरे झाला, दागिन्यास नग लागला. कौटिल्याचा गहू व घोडा यांचाच हा भेद होय.

आतां आमच्या संग्राहक बंधूंविषयीं. गोदामवाल्यास जें कायदा करावयास लावतो तें आमच्यावर कोणी सक्तीनें लादीत नाहीं, आणि म्हणूनच आमच्या हातून नुकसान अधिक होतें. घराण्याची पेटी उघडली कीं पहिला उत्साह पोथ्या विषयवार लावण्याचा असतो. कोंकणांतील एका घराण्याची पेटी अशीच एका विद्वान् गृहस्थांकडे गेली. त्यांनीं अत्यंत श्रद्धेनें वेद एकीकडे, ज्योतिष दुसरीकडे, वैद्यक तिसरीकडे असे ढीग केले, जुनें फाटकें रुमाल टाकून दिलें, आणि प्रत्येक ढिगास एकपासून नवे अंक घातले. पुढें त्यांतील एका वैद्यक ग्रंथाच्या कालाचा प्रश्न निघाला. ग्रंथास पुष्पिका नव्हती. त्याच वळणाची, त्याच कागदाची एक ज्योतिषाची पोथी संग्रहांत होती व तिच्यावर शक होता. दोन्ही एका रुमालांतून निघाल्या एवढें कळतें तर लेखक एक व काल जवळचा असें म्हणण्यास बळकट आधार मिळाला असता. पण तो रुमाल चुलींत गेला होता. मधल्या काळांत दुसऱ्या दोन घराण्यांच्या पोथ्याहि त्याच ढिगांत मिसळल्या होत्या. वळणावरून तर्क करतां येतो, आणि केलाहि. परंतु तर्काला साक्षीचें वजन येत नाहीं. त्या वैद्यक ग्रंथाचा काल आजहि अनिश्चित आहे.

विषयवार सूचि करावी, अवश्य करावी. पण ती कागदावर. पोथ्या जशा आल्या तशा खेपेच्या अंकाखालीं राहूं द्याव्या. ज्यांस हें अवघड वाटतें त्यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची योजना पाहावी. डॉ. सुखठणकरांच्या आदिपर्वांत, जें १९३३ सालीं पुरें झालें, प्रत्येक प्रतीस एक अक्षर व एक आंकडा दिला आहे. शारदा प्रतींस एक अक्षर, देवनागरी प्रतींस दुसरें, ग्रंथ लिपींतील प्रतींस तिसरें, आणि कांहीं ठिकाणीं पाठांच्या नात्यावरून आणखी एक. हें अक्षर प्रतीचें कुल सांगतें. त्याच प्रतीचा तिच्या मूळ संग्रहांतील अंक प्रस्तावनेंत निराळा दिलेला असतो. तो आगम सांगतो. कुल ठरविणें हें संशोधकाचें काम, व तें उद्यां बदलूंहि शकेल. आगम ही घडलेली गोष्ट आहे; ती ठरविण्याची नसून जपण्याची आहे. म्हणून पोथीवर जो अंक घालावयाचा तो आगमाचा घालावा, कुलाचा नव्हे. आणि कपाटाचा तर मुळींच नव्हे, कारण कपाटें मोडतात.

विक्रेत्यांची एक खोड येथें सांगितली पाहिजे. पोथी नवी दिसावी, किंवा कोणत्या संग्रहांतून फुटली तें कळूं नये, म्हणून समासांतील जुना अंक खरडून काढतात. खरडलेल्या अंकाची पोथी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, आणि घेतलीच तर खरडीची जागा वर्णनांत लिहून ठेवावी. आपण स्वतः अंक बदलणें प्राप्त झालें तर जुन्यावर एक बारीक रेघ ओढावी, तो वाचतां येईल असा राहूं द्यावा, व नवा शेजारीं लिहावा.

शेजारच्या तरुणानें शेवटीं जे रकाने केले ते असे : वस्तु, घाणा, खेप, नग, आणि त्यांपासून अलग, केवळ पुढें वाढत जाणारी, मागें कधीं न खोडतां येणारी एक रोजकीर्द. दोन घाणे एकत्र मिसळले तर नव्या राशीस नवा अंक मिळतो व तिच्यापुढें दोन्हीं मूळ अंक राहतात. त्यानें एका गोष्टीचा मात्र बराच वेळ आग्रह धरला होता : जो नग नष्ट झाला त्याचा अंक दुसऱ्यास द्यावा, म्हणजे आंकडे वायां जात नाहींत. हा मोह आमच्या ग्रंथालयांतहि आहे. हरवलेल्या पोथीची जागा सूचींत मोकळी दिसते, नवा कारकून ती नीटनेटकी करावयास जातो, आणि तेथें काल आलेली पोथी बसवितो. मग पन्नास वर्षांपूर्वीं कोणी आपल्या प्रस्तावनेंत दिलेला अंक मागितला कीं भलतीच पोथी हातीं येते, व ग्रंथकार खोटा ठरतो. मोकळा अंक मोकळाच ठेवावा, त्यापुढें पोथी केव्हां व कशी गेली तें लिहावें. आणि कधीं काळीं ती परत आलीच, जशा कांहीं येतातहि, तर तिला तिची जागा तयार असते.